घाट आणि चाक

रोह्याहून कोलाडकडे निघालें कीं थोड्याच वेळांत धाटाव हें गांव लागतें. औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आणि तींतील रासायनिक कारखाने यांमुळें त्या गांवाचें नांव आज पुष्कळांच्या तोंडीं आहे. पण कारखान्यांचीं धुरांडीं क्षणभर दृष्टीआड करून कोणी पूर्वेस पाहील, तर कुंडलिकेचें खोरें आंत आंत शिरत भिऱ्यापर्यंत गेलेलें आणि तेथें सह्याद्रीच्या उभ्या भिंतीशीं अडलेलें त्यास दिसेल. भिंतीच्या माथ्यावर मुळशीचा जलाशय, त्यापलीकडे मावळ, आणि मावळापलीकडे पुणें. जाड टायरांची, अनेक गिअरांची सायकल घेऊन हल्लीं जे हौशी तरुण या भिंतीकडे निघतात, त्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, वर जावयाचें कोठून? हातांतील यंत्र नवें आहे. प्रश्न मात्र निदान दोन हजार वर्षांचा जुना आहे. आणि ज्यांनीं ज्यांनीं तो घाईनें सोडविला त्यांची हकीकत फारशी सुखाची नाहीं.

या प्रश्नांत उंचीला लोक समजतात तेवढें महत्त्व नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचें. तें १६४६ मीटर. युरोपांतील पर्वतांपुढें हा आंकडा किरकोळ वाटेल. येथें अडचण उंचीची नसून घडणीची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले व थिजले. त्यांची पश्चिमेकडील कड पुढें झिजत गेली, ती उतरणीसारखी नव्हे तर जिन्यासारखी. भूशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्दच मुळीं उत्तर युरोपांतील भाषांत पायरीचा वाचक आहे. कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, असा हा जिना. मधल्या सपाटीस डोंगरांतील लोक ‘पदर’ म्हणतात. पाण्यानें कड्यास पाडलेली दगडधोंड्यांची उभी घळ ती ‘नाळ’. कड्यापासून खालीं लोंबणारी लांबट धार ती ‘सोंड’. दोन डोंगरांमधील खांच ती ‘खिंड’. आणि जेथें लांकडाची शिडी लावल्यावांचून पाऊल पडत नाहीं ती ‘निसणी’. हीं नांवें ज्यानें ऐकून घेतलीं त्यानें अर्धा नकाशा वाचला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. नाळेंतून चाक जात नाहीं, निसणीवरून बैलही जात नाहीं. सोंडेवरून मात्र नागमोडी वाट काढतां येते, आणि सह्याद्रींतील बहुतेक बैलघाट सोंडेसोंडेनेंच चढलेले आढळतात.

तेव्हां या घाटांचा इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाचा इतिहास होय: या वाटेनें काय जाईल? माणूस, बैल, तोफ, गाडी, कीं आगगाडी? ज्या वाटेनें चाक जाऊं शकलें ती जगली. जिनें चाकास नकार दिला ती हळूहळू झाडींत बुजली. सायकल हें चाकाचें सर्वांत हलकें व सर्वांत हट्टी रूप. तें घेऊन अनोळखी डोंगरांत शिरणाऱ्यानें हा निवाडा कसा झाला तें जाणून घेणें हिताचें आहे.

रोह्याच्या दक्षिणेस, मांदाडच्या खाडीजवळ, कुडें येथें बौद्ध लेणीं आहेत. त्यांतील शिलालेखांत महाभोज मांदव या स्थानिक अधिपतिघराण्याचीं नांवें येतात, त्याचप्रमाणें सामान्य दात्यांचींही येतात. कोणी वैद्य आहे, कोणी माळी आहे. एक लोखंडाचा व्यापारी आहे, आणि तो कऱ्हाडचा आहे. कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर, सह्याद्रीच्या पलीकडे. तेथील लोहार-वाण्यास समुद्राच्या खाडीवर लेणें कोरविण्याची बुद्धि व्हावी यावरून त्याचा या किनाऱ्याशीं जिव्हाळ्याचा संबंध होता हें उघड आहे, आणि तो संबंध घाट उतरल्यावांचून जडलेला नाहीं. ह्याच लेखांत ‘सार्थवाह’ हा शब्द आहे. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, आणि त्याचा नायक तो सार्थवाह. निघावयाचें कोणत्या ऋतूंत, मुक्काम कोठें, पाणी किती अंतरावर, जकात कोणास, चोरांचें भय कोणत्या रानांत, हें सारें त्यानें डोक्यांत ठेवावयाचें. प्रवासाची आंखणी हा आजचा शौक असेल; त्या काळीं तो एक स्वतंत्र व्यवसाय होता आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

या व्यवसायाच्या खुणा डोंगरांत अजून दिसतात. पालीच्या पूर्वेस ठाणाळें येथील लेणीं सह्याद्रीच्या कुशींत आहेत आणि त्यांच्या बाजूनेंच वाघजाईचा घाट वर तैलबैल्याकडे चढतो. सुधागडाच्या शेजारून सवाष्णीचा घाट जातो. जुन्नरकडील नाणेघाटांत तर फरसबंदी, पाण्याचीं टांकीं, सातवाहन राणीचा लेख, आणि ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात तें दगडी पात्र, एवढा थाट आहे. लेणीं, टांकें आणि घाट हीं तिन्ही वारंवार एकत्र सांपडतात याचें कारण धर्मांत जितकें आहे तितकेंच तहानेंत आहे.

सातवाहनांपासून पेशवाईपर्यंत राज्यें बदललीं, पण वाहन बदललें नाहीं. तें म्हणजे पाठीवर गोणी घातलेला बैल. पेण, नागोठणें व रोहें या बाजूचें मीठ, तांदूळ, सुकी मासळी वर जाई. देशावरचें धान्य, गूळ, तेल खालीं येई. वंजाऱ्यांचे तांडे दसऱ्यानंतर वाट सुकली कीं सुरू होत आणि वळवाच्या पावसापूर्वीं संपत. त्या बैलांच्या खुरांनीं कातळांत पडलेल्या खांचा कित्येक घाटांत आजही दाखवितात. मीठ हा असा जिन्नस कीं त्यावांचून देशावरच्या कोणाचेंच चालत नसे. म्हणून या वाटा कोणत्याही राजवटींत ओस पडल्या नाहींत. त्या कोणी बांधल्या असें सांगतां येणार नाहीं. त्या चालून चालून झाल्या.

आतां घाईनें केलेल्या आंखणीचें एक उदाहरण पाहूं. १६६० सालीं शाएस्ताखान पुण्यास येऊन बसला आणि पुढील वर्षाच्या आरंभीं त्यानें कारतलबखान नांवाच्या उझबेग सरदारास उत्तर कोंकण घेण्यास पाठविलें. खान लोणावळ्याकडे आला. तेथून कोंकणांत उतरण्यास बोरघाटाची रुळलेली वाट होती. ती टाळून त्यानें कुरवंड्याच्या बाजूची अडचणीची उतरण निवडली. शिवाजीमहाराजांना चकवावें हा त्यांत हेतु असावा, आणि कागदावर तो वाईटही नव्हता. बरोबर मोठें सैन्य, तोफा, खजिना आणि सामानसुमान. महाराजांनीं त्यास अडविलें नाहीं. उतरूं दिलें. पायथ्याशीं चावणी गांवाजवळ उंबरखिंड म्हणून झाडीनें गच्च भरलेली, दोन्ही बाजूंस डोंगर असलेली अरुंद जागा आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं सारी फौज तींत शिरली, आणि पुढचें तोंड व मागचें तोंड दोन्ही बंद झालीं.

‘शिवभारत’कार परमानंद यानें हा प्रसंग विस्तारानें वर्णिला आहे. त्यांत मनांत राहते ती लढाई नव्हे, तर त्या सैन्याची अवस्था. वारा नाहीं, पाणी नाहीं, वर पाहिलें तर झाडी, आणि झाडींत कोण आहे तें दिसत नाहीं. माहूरच्या घराण्यांतील रायबागन ही शूर स्त्री खानाबरोबर होती. तिनें त्यास रोखठोक सुनावलें कीं या रानांत सैन्य आणलें हीच चूक झाली, आतां शरण जाऊन जीव वांचवावा. खानानें वकील पाठविला. महाराजांनीं खंडणी घेऊन व सामान ठेवून घेऊन माणसांना सोडून दिलें. खानाच्या सैन्यांत मराठे सरदार पुष्कळ होते. म्हणजे मुलखाची माहिती मुळींच नव्हती असें नाहीं. परंतु मुलखाची माहिती निराळी आणि एका विशिष्ट वाटेची माहिती निराळी. या वाटेवर ओझ्यासह किती माणसें एका वेळीं जातील, उतरावयास किती प्रहर लागतील, पाणी कोठें मिळेल, हें त्या खिंडींत गुरें चारणाऱ्यास ठाऊक होतें. तो गुराखी खानाकडे नव्हता. तो समोरच्या बाजूस होता.

पुढें सव्वाशें वर्षांच्या आंत तीच गोष्ट निराळ्या पोशाखांत घडली. राघोबादादास पेशवाईच्या गादीवर बसविण्याचें मनांत आणून मुंबईकर इंग्रजांनीं १७७८ च्या अखेरीस पनवेलमार्गें बोरघाट चढण्याचें ठरविलें. सैन्य चार हजारांच्या आंतबाहेर, आणि त्याचें सामान वाहण्यास ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणें एकोणीस हजारांवर बैल! माणशीं पांच बैल घेऊन जो डोंगर चढतो त्यानें डोंगराचा विचार केलेला नाहीं, एवढें तरी निश्चित. तोफा वर नेण्यासाठीं वाट फोडावी लागली. कॅप्टन स्टुअर्ट हा त्यांतला चपळ अधिकारी आघाडीची तुकडी घेऊन आधींच खंडाळ्यास गेला होता. मराठ्यांनीं त्याचें शौर्य पाहून त्यास ‘इष्टुर फांकडा’ हें नांव दिलें. ४ जानेवारी १७७९ रोजीं तो कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानें पडला. घाट चढल्यावर मुख्य सैन्याची चाल दिवसाकांठीं जेमतेम मैलभर. मराठ्यांनीं पुढचा चारा व धान्य जाळलें, तळेगांवही जाळलें. शेवटीं जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत टाकून इंग्रज मागें फिरले आणि वडगांवास तह करून सुटले. ज्या तोफांकरितां घाट फोडला त्या तळ्याच्या तळाशीं गेल्या, हा योगायोग मोठा बोलका आहे.

हा धडा इंग्रज मात्र विसरले नाहींत. राज्य हातीं आल्यावर त्यांनीं पहिलें काम केलें तें मोजणीचें. टॉमस बेस्ट जर्विस यानें १८१९ नंतरचीं दहाएक वर्षें कोंकणची पाहणी करण्यांत घालविलीं. त्याचा भाऊ जॉर्ज जर्विस हा मुंबईस एतद्देशीयांना गणित व शिल्पशास्त्र मराठींतून शिकविण्याच्या खटपटींत होता. एक भाऊ डोंगर मोजीत होता आणि दुसरा मोजणारे तयार करीत होता, असें म्हटलें तरी चालेल. १८३० च्या नोव्हेंबरांत गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. कोंकण आणि देश यांमध्यें चाक निर्वेध चालूं लागलें तें तेव्हांपासून. मग १८६३ सालीं आगगाडी आली. जेम्स बर्कले या अभियंत्यानें आंखलेल्या त्या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. एवढ्या सौम्य उतारासाठीं पंचवीस बोगदे खणावे लागले आणि हजारों मजूर पटकीनें मेले. चाकाला घाट चढविण्याची किंमत अशी द्यावी लागते. बैलास पायऱ्या चालतात, गाडीस वीस फुटांस एका फुटाचा चढ बरा, आगगाडीस त्याहून निम्मा. जितकें वाहन मोठें तितकी वाट लांब आणि तितका डोंगर अधिक फोडावयाचा.

बोरघाटांत जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर शिंगरोबाचें देऊळ आहे. त्याची कथा त्या घाटांतून गेलेल्या प्रत्येक प्रवाशानें ऐकलेली असते. इंग्रज अभियंत्यांना दुर्बिणी लावूनही वाट सांपडेना. तेव्हां शिंगरोबा नांवाच्या धनगरानें आपल्या मेंढरांची रोजची वाट त्यांना दाखविली, आणि तीवरूनच पुढें मार्ग झाला. बक्षीस काय पाहिजे असें विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि साहेबानें त्यास गोळी घातली. ही लोककथा आहे. पण लोककथेला लोकांचा अनुभव असतो. रस्ता गव्हर्नराच्या व अभियंत्याच्या नांवें नोंदला जातो, आणि वाट दाखविणारा वाटेंतच राहतो, हें लोकांनीं पाहिलेलें होतें. मोटारवाले अजून त्या देवळापाशीं नाणें टाकतात.

एक घाट चाकाचा झाल्याबरोबर बाकीच्यांचें दैव फिरलें. मीठ आगगाडींत चढलें. वंजाऱ्यांचे तांडे मोडले. वाघजाई, सवाष्णी आणि त्यांच्या दक्षिणेकडील लहानमोठे घाट यांवर खालच्या वाडीचीं वरच्या वाडीशीं असलेलीं सोयरिकी-बाजाराचीं नातीं तेवढीं उरलीं. कुंडलिकेच्या खोऱ्यास तर आणखी एक धक्का बसावयाचा होता. टाटा कंपनीनें मुळशीस धरण बांधावयास घेतलें; १९२१ पासून सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह केला; तो मोडला आणि मुळा-निळेच्या खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं गेलीं. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह चालू झालें. घाटमाथ्याचें पाणी पांचशें मीटरांच्या आसपास उंचीवरून नळांतून खालीं कोसळतें, वीज देतें आणि कुंडलिकेंत येतें. ह्याच पाण्यामुळें ही नदी उन्हाळ्यांतही वाहती राहते, आणि धाटावच्या कारखानदारीस व कोलाडजवळच्या नौकाविहारास तें उपयोगी पडतें. पण वरचीं गांवें बुडालीं तेव्हां त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांचें एक टोकच नाहींसें झालें. ज्या वाटेला पोंचावयास गांव नाहीं ती वाट किती दिवस टिकणार?

सायकल या देशांत आली ती या उलथापालथीच्या मधल्या काळांत. दोन सारखीं चाकें व सांखळी असलेली सायकल इंग्लंडांत स्टार्लीनें १८८५ सालीं प्रचारांत आणली, आणि हवेचा टायर डनलॉपनें १८८८ सालीं काढला. त्याच १८८८ सालीं बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं सायकलींचें दुकान थाटलें. पुढील सारा किर्लोस्करी उद्योग त्या दुकानांतून वाढला. पण ही सायकल शहरच्या सडकेची. तिनें डोंगरांत जावें असें प्रथम लष्करी डोक्यांतच आलें. १८९७ सालीं अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळांतील कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी लेफ्टनंट मॉस याच्या हाताखालीं मिसूला गांवाहून निघून रॉकी पर्वत ओलांडून सेंट लुईसपर्यंत सुमारे १९०० मैल गेली. १४ जूनला निघालेली ही मंडळी २४ जुलैला पोंचली. वाट चिखलानें इतकी भरलेली कीं चाकें फिरेनात. तेव्हां आगगाडीच्या रुळांमधील लांकडी ओंडक्यांवरून गचके खात त्यांनीं सायकली हांकल्या. नेब्रास्कांत क्षारयुक्त पाणी पिऊन पुष्कळजण आजारी पडले. आपल्याकडच्या काळ्या मातीचा पावसाळ्यांतील स्वभाव ज्यांस माहीत आहे त्यांना त्या चिखलाचें वर्णन परकें वाटणार नाहीं.

अनोळखी पर्वताची सायकलसाठीं आधीं पाहणी करणें म्हणजे काय, याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १९१० सालची आहे. फ्रान्सची वार्षिक सायकल-शर्यत भरविणाऱ्या ‘लोतो’ या पत्राचा आल्फाँस स्तेनेस या बातमीदारानें हट्ट धरला कीं शर्यत पिरिनीज पर्वतांतून न्यावी. संपादक देग्रांज यास ही कल्पना वेडेपणाची वाटली. पण त्यानें स्तेनेसला वाट पाहून येण्यास पाठविलें. तूरमाले ही २११५ मीटर उंचीची खिंड. स्तेनेस मोटार करून निघाला. माथा कांहीं किलोमीटरांवर असतां बर्फानें रस्ता अडला आणि शोफरनें पुढें येण्याचें नाकारलें. हा गृहस्थ अंधारांत एकटाच पायीं निघाला, घसरला, वाट चुकला, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर अर्धमेल्या अवस्थेंत पलीकडच्या गांवीं पोंचला. सकाळीं त्यानें पॅरिसला तार केली ती अशी कीं, खिंड ओलांडली, रस्ता उत्तम आहे, जाण्यास कांहीं अडचण नाहीं! त्या तारेच्या भरंवशावर २१ जुलै १९१० रोजीं स्पर्धक त्या डोंगरांत सोडले गेले. एका दिवसांत ३२६ किलोमीटर आणि एकामागून एक खिंडी. लापीझ हा त्या दिवशींचा विजेता. तोही कित्येक ठिकाणीं सायकल हातीं धरून चालला, आणि चालकांची गांठ पडतांच त्यानें त्यांस ‘खुनी’ म्हणून शिव्या दिल्या. तूरमाले पुढें जगप्रसिद्ध झाली व स्तेनेसचें खोटें पचलें. पण वाट पाहण्यास जो जातो त्याचा वाटेवर लोभ जडलेला असेल तर त्याचा अहवाल किती ताणून घ्यावा, हें त्या तारेवरून समजतें.

मुंबईच्या तरुणांनींही या धाडसांत मागें पाहिलें नाहीं. आदि हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा आणि त्यांचे तिघे सोबती १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सायकलींवर निघाले. पहिल्या तिघांनीं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्यें परत मुंबई गांठली. प्रवास ७१ हजार किलोमीटरांच्या घरांत. आज ज्या सायकलीस डोंगरी सायकल म्हणतात ती याहून पुष्कळ अलीकडची. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील टॅमल्पाइस डोंगराच्या उतारावरून जुन्या जाड टायरांच्या सायकली सोडण्याचा खेळ कांहीं तरुणांनीं काढला. फिशर, ब्रीझ, रिची यांनीं त्यासाठीं खास सायकली बनविल्या. आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकांत त्याची स्पर्धा झाली. दगडधोंड्यांवरून चालणारें चाक अखेर तयार झालें खरें. पण तें झालें उतरणीच्या देशांत. सह्याद्री जिन्याचा देश आहे.

म्हणून धाटावहून निघणाऱ्यानें नकाशा पुढें घेतला तरी तो नीट वाचला पाहिजे. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या क्रमवारींत रोह्याचा पत्रक ४७ एफ/३ हा. त्याच्या खुणांची यादी पाहावी: गाडीवाट निराळ्या रेघेनें, ओझ्याच्या जनावरांची वाट निराळ्या रेघेनें, पाऊलवाट निराळ्या. ज्यांनीं नकाशा केला त्यांनाही उंचीपेक्षां ‘काय जाईल’ हेंच आधीं लिहावेंसें वाटलें! समोच्च रेषांवर मात्र फार विसंबूं नये. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशांत दोन रेषांमध्यें वीस मीटर उंची असते, आणि ट्रॅपचा एक अख्खा कडा त्या वीस मीटरांत मावून जातो. उपग्रहाच्या चित्रावरही झाडीखालचा कडा दिसत नाहीं.

चाकाची सरळ वाट कोलाडवरून सुतारवाडी, विळें आणि ताम्हिणीचा घाट चढून मुळशीच्या कांठीं जाते. डांबरी सडक, वळणें मोठीं, चढ पांचशें मीटरांहून अधिक. सायकलस्वारास घाम फुटेल, पण वाट फसवणार नाहीं. तिच्या उत्तरेस पिंपरीहून अंधारबनाच्या झाडींतून हिर्डीवरून भिऱ्यास उतरणारी जुनी पायवाट आहे. ती आतां पावसाळी पदयात्रिकांत लोकप्रिय झाली आहे. आणि केवळ लोकप्रिय आहे म्हणून तिच्यावर चाक नेण्याचा मोह पुष्कळांना होतो. हा भाग अभयारण्याच्या हद्दीशीं लागून असल्यानें वन खात्याची परवानगी आधीं विचारणें हा पहिला भाग. दुसरा भाग तेथील पावसाचा. ताम्हिणीचा पाऊस महाराष्ट्रांतील सर्वांत जबर पावसांत मोडतो, आणि शेवाळलेल्या कातळावर टायराच्या खांचांचा उपयोग होत नाहीं. वाघजाई आणि सवाष्णी यांत तर बराच पल्ला सायकल खांद्यावरच घ्यावी लागेल. त्यांतही दोष नाहीं. वंजाऱ्याचें ओझें पाठीवर होतें, ह्याचें खांद्यावर. मात्र आंखणी करतांना तो पल्ला चालण्याच्या वेळानें मोजावा, चाकाच्या नव्हे.

ऋतु तोच जुना: दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत. चैत्रांत बरींचशीं टांकीं आटतात, आणि घाटाच्या पोटांत वारा लागत नाहीं, हें कारतलबखानाला फेब्रुवारींतच कळलें होतें. घाटाखालच्या शेवटच्या वाडींत थांबून जें विचारावयाचें तें ‘किती लांब आहे?’ हें नव्हे. डोंगरांतील माणूस अंतर आपल्या पायांनीं मोजतो, आणि त्याचा अर्धा तास शहरच्या माणसाचे दोन तास असतात. विचारावयाचें तें हें कीं, ‘बाबा, या वाटेनें गुरें चढतात का?’ ‘चढतात’ म्हणाला तर सायकल ढकलीत नेतां येईल. ‘माणूस जातो’ म्हणाला तर ती खांद्यावर घ्यावी लागेल. आणि त्यानें आधीं सायकलीकडे, मग ती आणणाऱ्याकडे पाहून नुसतें हंसून दिलें, तर मुकाट्यानें कोलाडकडे वळून ताम्हिणीची सडक धरावी.